सेनापती किती लागतील? एका गणिताची उलटतपासणी

एका शाळेत ४०० मुले आहेत. दरवर्षी ४० मुले दहावी होऊन बाहेर पडतात आणि ४० नवी मुले पहिलीत येतात. मध्येच कोणी शाळा सोडत नाही, कोणी मागे राहत नाही असे धरू. मग एक मूल या शाळेत सरासरी किती वर्षे राहते? ४०० ला ४० ने भागले की १० वर्षे हे उत्तर मिळते. टाकीतल्या पाण्याला धारेने भागावे, तसा हा मुक्कामाचा काळ. एवढे साधे गणित पुढे वाढवत नेले, की सैन्यातल्या बढत्यांचे गणित तयार होते. या लेखात आम्ही त्या गणिताची ओळख करून देणार आहोत आणि परीक्षाही घेणार आहोत. ते चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते बरोबर असूनही त्याच्या आधाराने काढलेले निष्कर्ष का फसतात, हे आम्हाला पाहायचे आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. शांततेच्या काळात कोणताही देश लहान सैन्य बाळगतो, कारण मोठे परवडत नाही. युद्ध आले की तेच सैन्य पाचपट, दहापट करावे लागते. शिपाई काही महिन्यांत तयार करता येतो, नवा लेफ्टनंटही करता येतो. पण कर्नल कुठून आणायचा? कारखान्याला व्यवस्थापक हवा असेल तर तो दुसऱ्या कारखान्यातून आणता येतो. सैन्याला तशी सोय नाही. कर्नल मेजरमधून येतो, मेजर कॅप्टनमधून. म्हणजे उद्याच्या युद्धाला लागणारे नेते आजच्या शांततेतल्या बढत्यांवर अवलंबून असतात. मग शांततेत बढतीचा वेग किती ठेवावा?

प्रश्न जुना आहे. अमेरिकेचे युद्धमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८२० साली एक योजना मांडली होती. सैन्य ६,३१६ माणसांचे ठेवायचे, पण अधिकाऱ्यांचा सांगाडा असा ठेवायचा, की एकही अधिकारी न वाढवता ते ११,५५८ पर्यंत जाईल आणि आणखी २८८ अधिकारी घेतले की १९,०३५ पर्यंत. तिथल्या काँग्रेसने ही योजना मान्य केली नाही. या प्रश्नाला नेटके गणिती रूप मिळायला दुसरे महायुद्ध यावे लागले. हिलरी सील यांचा १९४५ चा आणि स्टीव्हन वाज्दा यांचा १९४७ चा निबंध ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. उतरंडीसारख्या रचलेल्या समूहात प्रत्येक थर खालच्या थरातून भरला जात असेल, तर काय होते, हा त्यांचा विषय. पुढे डी. जे. बार्थोलोम्यू यांच्या १९६७ च्या ग्रंथाने हे शास्त्र रूढ केले.

आपणही एक उतरंड रचू

समजा, एका सैन्यात १,००० अधिकारी आहेत. खालच्या थरात ६००, मधल्या थरात ३००, वरच्या थरात १००. (हे आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, कोणत्याही देशाचे नाहीत.) निवृत्ती, आजारपण, राजीनामा यांमुळे खालच्या आणि मधल्या थरातून दरवर्षी शेकडा ५ जण जातात, वरच्या थरातून शेकडा १०.

वरून १० जण गेले, म्हणून मधल्या थरातून १० वर चढतील. मधल्या थरातून १५ बाहेर आणि १० वर, म्हणजे २५ जागा रिकाम्या. त्या खालून भरल्या जातील. खाली ३० बाहेर आणि २५ वर, म्हणून ५५ नवे अधिकारी भरती होतील. आता मुक्काम काढा. खालच्या थरात ६०० भागिले ५५, म्हणजे सुमारे ११ वर्षे. मधल्या थरात ३०० भागिले २५, म्हणजे १२ वर्षे. भरती झालेल्या ५५ पैकी १० जण शिखरावर पोचतात, तेही सरासरी २३ वर्षांनी. यात कोणाचा आळस नाही, कोणाचा पक्षपात नाही. उतरंडीचा आकार आणि गळतीचा दर ठरला की बाकी सारे ठरते.

आता युद्ध येऊ द्या. सैन्य दरवर्षी दुप्पट करायचे आहे, ओळीने तीन वर्षे. वरच्या थरात १०० चे २०० हवेत आणि १० जाणार आहेत. म्हणजे मधल्या ३०० मधून ११० जणांना बढती. मधल्या थराचे ६०० करायचे, तर खालच्या ६०० मधून ४२५ जणांना बढती. शांततेत मधल्या थरातून वर जाण्याचा दर शेकडा ३.३ होता, तो एकदम ३७ झाला. खालच्या थराचा ४.२ वरून ७१ वर गेला. हा वेग तिन्ही वर्षे टिकवावा लागतो. एवढे करूनही सैन्य आठपटच होते. अमेरिकेचे सैन्य १९३९ च्या मध्याला सुमारे १ लाख ९० हजार होते आणि १९४५ पर्यंत ते ८० लाखांच्या वर गेले. म्हणजे चाळीसपटीहून अधिक.

या गणिताचे श्रेय इथे मान्य केले पाहिजे. ‘आपल्याकडे हुशार तरुण भरपूर आहेत, वेळ आली की होईल सगळे’ असे म्हणणाऱ्याला ते जमिनीवर आणते. खालच्या थरातल्या शंभरातल्या ७१ जणांना एका वर्षात बढती द्यायची, म्हणजे निवड जवळजवळ संपलीच, हे त्यातून लख्ख दिसते.

एकच गणित, दोन सैन्ये

आता आमचा पहिला आक्षेप. हे गणित किती जणांना बढती द्यायची ते सांगते. कोणाला द्यायची, यावर ते मुके आहे.

समजा, बढती देताना जुना-नवा असा भेद केला नाही. तीन वर्षांनी ८,००० अधिकारी होतील. युद्धापूर्वीच्या १,००० पैकी ८२३ उरलेले असतील. ते कुठे असतील? वरच्या ८०० मध्ये ५२६, मधल्या २,४०० मध्ये २८९ आणि खालच्या ४,८०० मध्ये ८. म्हणजे शिखरावरचा दर तिसरा अधिकारी तीन वर्षांपूर्वी साधा नागरिक होता.

आता दुसरा नियम लावू, कडक सेवाज्येष्ठतेचा. जो आधी आला तो आधी चढेल. बढतीचे दर तेच, बेरजा त्याच. तीन वर्षांनी युद्धापूर्वीचे ८२४ जण उरतात. त्यांतले ८०० वरच्या थरात, २४ मधल्या थरात आणि खालच्या थरात शून्य. शिखरावर सगळेच अनुभवी आहेत. पण प्रत्यक्ष तुकड्या चालवणाऱ्या मधल्या थरात शंभराला एक जुना माणूस आहे, आणि नव्या लेफ्टनंटच्या बरोबरीला एकही नाही. त्यांना शिकवणार कोण? शिवाय त्या ८०० ‘अनुभवी’ जणांमध्ये युद्धाच्या आदल्या वर्षी भरती झालेले कितीतरी असतील, हेही विसरू नये.

कागदावर दोन्ही सैन्ये सारखी आहेत, रणांगणावर सारखी नाहीत. चौकटीतली सगळी माणसे एकसारखी धरली, की मधला भेद पुसला जातो. गणितज्ञ अशा प्रक्रियेला मार्कोव्ह साखळी म्हणतात. तिच्यात माणूस आज कोणत्या थरात आहे एवढेच पाहिले जाते, तो तिथे कसा आणि कधी आला हे पाहिले जात नाही. वायूच्या रेणूंसाठी ही कल्पना छान चालते. रेणूला पूर्वायुष्य नसते, माणसाला असते.

दर कोण ठरवतो?

दुसरा आक्षेप असा, की बढतीचा दर समीकरणात एखाद्या नैसर्गिक स्थिरांकासारखा बसवला जातो. तो पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा नसतो. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

ड्वाइट आयझेनहॉवर यांचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धाच्या विस्तारात, १९१८ साली, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी ते तात्पुरते लेफ्टनंट कर्नल झाले. युद्ध संपले, सैन्य आकसले आणि १९२० साली ते पुन्हा कॅप्टनवर आले. मेजर झाले, पुन्हा कॅप्टन, पुन्हा मेजर. लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा त्यांना परत मिळाला तो १९३६ साली, अठरा वर्षांनी. कारण महायुद्धात भरती झालेले एकाच वयाचे हजारो अधिकारी एकामागे एक अडकून पडले होते आणि बढती फक्त ज्येष्ठतेने होत होती. मग दुसरे महायुद्ध आले. मार्च १९४१ मध्ये कर्नल झालेले हेच गृहस्थ फेब्रुवारी १९४३ मध्ये चार ताऱ्यांचे जनरल होते. अठरा वर्षांत शून्य पायऱ्या आणि दोन वर्षांच्या आत चार. माणूस तोच होता. बदलला तो दर. सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी १९४० मध्ये एक मंडळ नेमून कित्येक वयस्क अधिकाऱ्यांना निवृत्त केले आणि वाट मोकळी केली. युद्धानंतर, १९४७ साली, अमेरिकेने कायदाच केला की ठराविक काळात वर चढला नाही तर बाहेर पडायचे.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. ब्रिटिश अमदानीतल्या हिंदी सैन्यात भारतीय अधिकारी किती वेगाने वर यावेत, याचेही एक गणित झाले होते. स्कीन समितीने १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात असा हिशोब मांडला, की १९५२ पर्यंत निम्मे अधिकारी भारतीय असतील. सरकारला तोही वेग जास्त वाटला. त्याआधी, १९२३ सालीच, ‘आठ पलटणींची योजना’ आली होती. नव्या भारतीय अधिकाऱ्यांना आठ ठराविक पलटणींतच नेमायचे, म्हणजे कोणा ब्रिटिश अधिकाऱ्याला भारतीयाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येणार नाही. समीकरणाच्या भाषेत, वरच्या थराकडे जाणारा दर जाणूनबुजून शून्याजवळ ठेवला होता. आणि मग ‘भारतीयांना वरच्या जागांचा अनुभव नाही’ हेच कारण पुढे केले जाई. आधी नळ बंद करायचा आणि मग टाकी कोरडी आहे म्हणून बोट दाखवायचे, असा हा प्रकार.

पुढे काय घडले? महायुद्धात हिंदी सैन्य सुमारे २ लाखांवरून २५ लाखांवर गेले आणि गरजेपोटी दार उघडावे लागले. के. एम. करिअप्पा १९४२ मध्ये पलटणीचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय ठरले आणि १५ जानेवारी १९४९ रोजी सरसेनापती झाले. कोल्हापूर परिसरातले शं. पां. पा. थोरात १९२६ साली सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आले. १९४५ च्या जानेवारीत आराकानमधल्या कांगाव इथे त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले आणि १९५३ मध्ये मेजर जनरल म्हणून ते कोरियात भारतीय दलाचे प्रमुख होते. पलटण मिळायला १८ वर्षांहून अधिक, आणि तिथून मेजर जनरलपर्यंत आठच्या आत! १९५२ साल उजाडले तेव्हा निम्मे नव्हे, जवळजवळ सगळेच अधिकारी भारतीय होते. स्कीन समितीच्या बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. कोणाची पायरी किती उंच ठेवायची, हे तिला आधीच ठरवून दिलेले होते.

हुद्दा म्हणजे नेतृत्व नव्हे

तिसरा आक्षेप. गणित हुद्दे मोजते आणि आपण त्याला नेते समजतो.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मन सैन्यावर बंधन घातले. एकूण १ लाख माणसे, त्यांत जास्तीत जास्त ४,००० अधिकारी. शिपायाने १२ वर्षे आणि नव्या अधिकाऱ्याने २५ वर्षे सेवा केलीच पाहिजे, मुदतीआधी दरवर्षी शेकडा ५ पेक्षा जास्त लोकांना सोडायचे नाही. ही अट आपल्या शाळेच्या गणितातूनच आली आहे. मुक्काम लांबवला की धार बारीक होते. ९६,००० शिपाई भागिले १२, म्हणजे वर्षाला जेमतेम ८,००० नवे. असे केले, की समाजात शिकून बाहेर पडलेल्यांचा राखीव साठा तयारच होत नाही. हिशोब चोख होता.

पण हान्स फॉन झेक्ट यांनी, १९२० ते १९२६ या काळात सैन्याचे प्रमुख असताना, चौकटीतली माणसेच बदलली. प्रत्येकाला त्याच्या हुद्द्याच्या वरच्या कामाचे शिक्षण द्यायचे, म्हणजे सारे सैन्यच नेत्यांचे होईल, असे त्यांचे धोरण होते. १९३५ साली हिटलरने सक्तीची भरती जाहीर केली तेव्हा हाच साठा उपयोगी पडला. पोलिसांतले अधिकारी, जुन्या युद्धातले राखीव अधिकारी आणि १९३८ नंतर ऑस्ट्रियाचे अधिकारीही घेतले गेले. दहा डिव्हिजनांचे सैन्य १९३९ मध्ये शंभराच्या आसपास पोचले. तह करणाऱ्यांनी माणसे मोजली होती, शिक्षण मोजले नव्हते. अमेरिकेतही तसेच झाले. फोर्ट बेनिंगच्या पायदळ विद्यालयात १९२७ ते १९३२ या काळात मार्शल यांच्या देखरेखीखाली शिकलेले आणि शिकवणारे कितीतरी जण दुसऱ्या महायुद्धात जनरल झाले. बढत्या गोठलेल्या होत्या, शिकणे गोठले नव्हते.

लष्करी व्यवस्थापनाच्या लेखनात जर्मनीचे हे उदाहरण यशोगाथा म्हणून सांगितले जाते. आम्हाला ते तसे सांगता येत नाही. याच अधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९३४ मध्ये हिटलरच्या नावाने व्यक्तिनिष्ठेची शपथ घेतली आणि त्या विस्ताराचा शेवट कशात झाला हे आपण जाणतो. विस्तार कशासाठी, हा प्रश्न समीकरणात नसतो. म्हणून तो समीकरण मांडणाऱ्याने विचारायला हवा.

चौथ्या वर्षी काय?

चौथा आक्षेप आमच्यावरच आहे. आम्ही हे गणित पहिल्यांदा केले तेव्हा तिसऱ्या वर्षाला थांबलो. ८,००० अधिकारी झाले, उत्तर मिळाले, वही मिटली. युद्ध संपल्यावर या माणसांचे काय होते, हे कितीतरी दिवसांनी मनात आले.

तेही मोजून पाहा. ८,००० चे पुन्हा १,००० करायचे आहेत. एकूण गळती वर्षाला शेकडा साडेपाच आहे. नवी भरती पूर्ण बंद केली आणि गळती तशीच राहिली, तर सैन्य मूळ आकाराला यायला सुमारे ३७ वर्षे लागतील. एवढे कोणतेच सरकार थांबत नाही. म्हणजे ७,००० माणसांना घरी पाठवावे लागते. तिशीतला माणूस, कालपर्यंत शंभर जणांचे जीव ज्याच्या शब्दावर होते, तो आज नोकरीच्या रांगेत असतो. जे थोडे मागे राहतात ते एकाच वयाचे असल्यामुळे पुढची वीस वर्षे एकमेकांची वाट अडवतात. आयझेनहॉवर यांची अठरा वर्षे याच हिशोबात गेली.

आपल्याकडे १९६२ च्या युद्धानंतर सैन्य सुमारे साडेपाच लाखांवरून सव्वाआठ लाखांवर नेण्याचे ठरले. त्यासाठी आणीबाणीतली नेमणूक देऊन हजारो तरुण अधिकारी घेतले गेले, मद्रास आणि पुणे इथे त्यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्रे निघाली. पुण्याचे केंद्र १९६४ मध्ये बंद झाले, मद्रासचे पुढे कायम झाले. या अधिकाऱ्यांपैकी अनेक जण १९६५ च्या युद्धात लढले. नंतर काहींना कायम केले, बाकीच्यांना मुक्त केले, आणि त्यांच्यासाठी केंद्रीय सेवांमध्ये काही जागा राखून ठेवाव्या लागल्या. विस्ताराची किंमत अशी नंतर भरली जाते. बढतीचे वय हा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. कारगिलच्या युद्धानंतर, २००१ साली, अजय विक्रम सिंग समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार डिसेंबर २००४ पासून १३ वर्षांच्या सेवेनंतर लेफ्टनंट कर्नल होता येऊ लागले.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सारे मुलांना फळ्यावर सांगण्यापेक्षा हाताने करायला द्यावे. तीन ताटल्या घ्या. त्यांत ६०, ३० आणि १० चिंचोके ठेवा. नव्या भरतीसाठी पांढरे खडे घ्या. दरवर्षी सर्व ताटल्या दुप्पट करा. एका गटाने बढतीसाठी डोळे मिटून उचलावे, दुसऱ्या गटाने आधी चिंचोके संपवावेत. अपूर्णांक आले की जवळची पूर्ण संख्या घ्यावी. तीन फेऱ्यांनंतर दोन्ही गटांच्या ताटल्या शेजारी ठेवा. मोजले तर आकडे सारखे, पाहिले तर रंग वेगळे. मग चौथी फेरी उलटी खेळायला सांगा आणि काढून टाकायचे खडे-चिंचोके कोण निवडणार ते मुलांनाच ठरवू द्या. आमचा अनुभव असा, की इथपर्यंत भराभर चाललेले हात या फेरीला थांबतात.